पंधरा वर्षांपुढची एसयूव्ही: आधी सरसकट बदलायचं की आधी शोधायचं?

डावा_इंडिकेटर
सेकंड हँड एसयूव्ही. लॅडर चेसिस, कॉमन रेल टर्बो डिझेल, ऑटोमॅटिक गिअरबॉक्स, एरवी मागच्या चाकांवर चालणारी आणि लिव्हर टाकला की चारही चाकांवर. वय पंधराच्या पुढे, मीटर अडीच लाखांच्या पुढे, जुन्या सर्व्हिसची एकही नोंद नाही. कंपनीचं नाव मुद्दाम लिहीत नाही. लिहिलं की निम्मे प्रतिसाद "ही घेतलीच कशाला" याच सुरात येतात.

तक्रारी पाच:
१. कुलंट हळूहळू कमी होतं, खाली थेंब दिसत नाही.
२. चढावर पाय दाबला की एकदम ताकद जाते, चेक इंजिनचा दिवा लागतो. किल्ली बंद करून पुन्हा चालू केली की ठीक.
३. दोन-तीन दिवस उभी राहिली की बॅटरी उतरते. बॅटरी नवी आहे.
४. इंजिन गरम असताना बंद केलं की पुन्हा चालू व्हायला बराच सेल्फ मारावा लागतो. सकाळी थंड असताना पटकन पकडते.
५. गिअर डी (पुढे) मधून आर (रिव्हर्स) मध्ये टाकताना मागून ठक्.

माझं मत: पाच तक्रारींच्या मागे पाच दिशांना पळण्यापेक्षा आधी सगळी तेलं, सगळे फिल्टर, बेल्ट, होज, थर्मोस्टॅट एकदम बदलावं. मग जे उरेल ते शोधावं. बरोबर की चूक?

मागची_सीट
दिवा पेटतो म्हणता? मग गाडी प्रामाणिक आहे. विकायला काढलेल्या जुन्या गाडीत दिवा पेटतच नाही, कारण मागचा बल्ब काढलेला असतो.

तेरा_चौदा_पाना
निम्मं बरोबर. तेल बदलायचंच आहे, पण पंचनामा न करता प्रेत हलवू नका. जुनं तेल हाच पुरावा असतो.

सकाळी थंड इंजिनवर डिपस्टिक काढा. पातळी वरच्या खुणेच्याही वर असेल आणि तेलाला डिझेलचा वास येत असेल, तर डिझेल तेलात उतरतंय. एकतर नोझल (सिलेंडरमध्ये डिझेल फवारणारा इंजेक्टर) गळतंय, किंवा डीपीएफ (धुरातली काजळी अडवणारा फिल्टर) असेल तर त्यातल्या काजळीची जाळणी अर्धवट राहतेय. डीपीएफ तापवायला कॉम्प्युटर जादा डिझेल सोडतो, आणि गाडी मधेच बंद केली की त्यातलं काही सिलेंडरच्या भिंतीवरून खाली चेंबरमध्ये, म्हणजे इंजिनच्या तळाच्या तेलाच्या टाकीत, जातं.

चेंबरचा बोल्ट उघडला की पहिली अर्धी वाटी वेगळ्या पारदर्शक बाटलीत धरा. पाणी जड, ते तळाशी बसलेलं असतं, म्हणून आधी तेच बाहेर येतं. ऑइल फिल्टर फेकू नका. कापा, कागदाच्या घड्या पसरा, लोहचुंबक फिरवा. चुंबकाला चिकटलं ते लोखंड. चिकटत नाही पण उन्हात चमकतंय, ते बहुतेक बेअरिंगचं. तसं दिसलं तर पाचही तक्रारी बाजूला ठेवा आणि आधी गेज लावून ऑइल प्रेशर मोजा.

एटीएफचंही, म्हणजे ऑटोमॅटिक गिअरबॉक्सच्या तेलाचंही, तेच. पांढऱ्या कागदावर एक थेंब टाका. लालसर पारदर्शक ठीक. तपकिरी आणि जळका वास असेल तर क्लच प्लेटा भाजल्यात. गुलाबी साईसारखं दिसलं तर त्यात कुलंट गेलंय आणि गाडी आणखी चालवायचीच नाही.

सौ_कार्ब्युरेटर
बल्ब काढलेला आहे की नाही ते कळतं हो. किल्ली ऑन करा, सेल्फ मारू नका. चेक इंजिन, एबीएस, एअरबॅग, ऑइल, बॅटरी, सगळे दिवे लागले पाहिजेत. मग चालू केल्यावर एकेक विझले पाहिजेत. एखादा लागलाच नाही तर संशय. एअरबॅगचा दिवा बरोबर दुसऱ्या दिव्याच्या जोडीनेच विझत असेल तर आणखी संशय, कारण दोघांची वायर एकत्र बांधलेली असते.

ग्रीसची_बोटं
न तपासता बदलायच्या गोष्टी माझ्या मते दोनच.

एक, टायमिंग बेल्ट, जर इंजिन बेल्टचं असेल आणि नोंद नसेल तर. बेल्ट डोळ्यांना चांगला दिसतो आणि तुटतो. आजकालच्या जवळजवळ सगळ्या डिझेल इंजिनांत बेल्ट तुटला की पिस्टन व्हॉल्व्हवर आदळतात. बेल्टबरोबर टेन्शनर, आयडलर आणि वॉटर पंपही बदला. पंप त्याच बेल्टवर फिरत असेल तर नुसता बेल्ट बदलणं म्हणजे तेच काम पुन्हा करण्याची सोय. चेन असेल तर थंड स्टार्टला दोन-तीन सेकंद होणारी खडखड ऐका. स्कॅनरवर (गाडीच्या कॉम्प्युटरमधली माहिती वाचणारं यंत्र) क्रँक आणि कॅम यांचा मेळ दिसत असेल तर तोही बघा.

दुसरं, ब्रेक फ्लुइड. ते हवेतलं पाणी ओढतं, उकळबिंदू खाली येतो आणि लांब उतारावर पेडल मऊ पडतं. अडीच टनाच्या गाडीला हे परवडत नाही.

बाकी सगळं तपासून.

उकळबिंदू
पेडलवर माझं नाव घेतलंत, आता कुलंटवर लिहावंच लागेल. लांब आहे, घाई असलेल्यांनी पुढे जावं.

"खाली थेंब नाही" याचा अर्थ गळती नाही असा होत नाही. गरम भागावर पडलेलं कुलंट जमिनीवर पोचायच्या आधी वाळतं. वाळलं की पांढरा, गुलाबी किंवा हिरवट थर मागे राहतो. तो शोधा: रेडिएटरची प्लास्टिकची टाकी ॲल्युमिनियमला जिथे दुमडून बसवलेली असते ती शिवण, वॉटर पंपाच्या पोटाखालचं बारीक भोक, हीटरच्या होजची टोकं, थर्मोस्टॅटचं झाकण. पंपाच्या त्या भोकातून ओघळ असेल तर पंपाचं सील गेलं. भोक बुजवायचं नसतं. सील गेल्याची खबर द्यायला ते ठेवलेलं असतं.

नुसतं बघून सापडलं नाही तर प्रेशर टेस्टर. इंजिन पूर्ण थंड, झाकणाच्या जागी पंप लावायचा, झाकणावर जेवढं प्रेशर लिहिलंय तेवढंच भरायचं, बहुतेक झाकणांवर ०.९ ते १.१ बार असतं, आणि पंधरा-वीस मिनिटं सोडायचं. काटा खाली आला आणि बाहेर काहीच ओलं नाही, तर गळती आत आहे. आत म्हणजे तीन जागा.

हीटर कोअर (केबिन गरम करणारा छोटा रेडिएटर): काचेला आतून तेलकट वाफ, गोडसर वास, पुढच्या सीटसमोरचं कार्पेट दमट.

ईजीआर कूलर (ईजीआर म्हणजे एक्झॉस्टचा काही धूर परत इनटेकमध्ये सोडणारी यंत्रणा, तो धूर थंड करणारा हा): डिझेलमध्ये हा बरेचदा विसरला जातो. कुलंट थेट इनटेक किंवा एक्झॉस्टमध्ये जातं आणि वाफ होऊन निघून जातं. थंड स्टार्टला गोडसर वासाचा पांढरा धूर, आणि ईजीआर व्हॉल्व्ह उघडला तर काजळीऐवजी एखादा भाग धुतल्यासारखा स्वच्छ. कूलर सोडवून कुलंटच्या बाजूने हवा भरा आणि पाण्यात बुडवा, बुडबुडे आले तर निकाल लागला.

हेड गॅस्केट (इंजिनचा ब्लॉक आणि हेड यांच्यामधलं पॅकिंग): थंड इंजिन चालू करून मिनिटभरात वरचा रेडिएटर होज दाबून बघा. कुलंट अजून थंडच आहे आणि होज दगडासारखा टणक, तर ते प्रेशर सिलेंडरमधून येतंय. खात्रीसाठी निळ्या रसायनाची टेस्ट करा. टाकीतली हवा त्यातून ओढली की ते पिवळं किंवा हिरवट होतं. डिझेलमध्ये नुसत्या आयडलवर कधीकधी निकाल येत नाही, गाडी चढावर पळवून आणून लगेच करा.

आणि गाडी तापत असेल तर कुठे तापते ते सांगा. ट्रॅफिकमध्ये, एसी लावून, उभ्या गाडीत तापते आणि पळवली की थंड होते: पंखा. हायवेवर, चढावर तापते आणि हळू केली की उतरते: चोंदलेला रेडिएटर, अर्धवट उघडणारा थर्मोस्टॅट, किंवा गॅस्केट. बेल्टवरचा व्हिस्कस पंखा असेल तर इंजिन गरम असताना बंद करून हाताने फिरवा. हाताला अडल्यासारखा लागला तर ठीक, झोका देताच मोकळा गरगर फिरला तर त्याचा क्लच गेला.

लीक बंद करणारी पावडर टाकू नका. ती भोक बघून बुजवत नाही, जिथे वाट अरुंद तिथे बसते, म्हणजे हीटर कोअर आणि ईजीआर कूलर.

मागची_सीट
"लांब आहे" म्हणून सांगितलं होतं, तक्रार नाही. मधे एकदा डिपस्टिक काढून आलो.

चेसिस_नंबर
सगळे बोनेटमध्येच डोकं घालून बसलेत. खाली कोण झोपणार? चेसिस गंजली असेल तर नवा रेडिएटर कशाला बसवायचा?

जागा सांगतो. मागच्या ॲक्सलवरून चेसिस जिथे वर वळते तो कमानीचा भाग, स्प्रिंगच्या पाट्यांचे किंवा कॉइलचे हँगर, बॉडीच्या रबर माउंटचे कप, आणि ब्रेकच्या लोखंडी नळ्या जिथे क्लिपमध्ये अडकवल्या आहेत तिथे. लहान हातोडीने ठोका. चांगलं पोलाद टणटणतं, सडलेलं थप्प बोलतं आणि पापुद्रे गळतात. बॉक्स चेसिस आतून सडते, बाहेरचा रंग शाबूत असतो, म्हणून भोकांतून टॉर्च घालून आत बघा.

जुन्या गाडीच्या पोटाला ताजा काळा डांबरी लेप दिसला तर तो खरवडा. गंजावर लावलेल्या लेपाखाली पाणी अडकतं आणि काम आणखी झपाट्याने होतं.

ग्रीसची_बोटं
लॅडर चेसिसला पट्टी मारून वेल्डिंग चालतं की नाही? इथे दोन मतं आहेत.

चेसिस_नंबर
चालतं, पण पट्टी चौकोनी नको. उभी वेल्ड शिवण चेसिसच्या पट्टीवर आडवी जाते आणि नेमकी तिथेच चेसिस पुन्हा तडकते. टोकं तिरपी काढलेली, शंकरपाळ्याच्या आकाराची पट्टी, सडलेला भाग पूर्ण कापून मग. वेल्डिंगच्या आधी बॅटरीची दोन्ही टोकं काढा. स्टिअरिंग बॉक्सच्या माउंटजवळ सडली असेल तर मात्र मी पट्टीच्या विरोधात.

अर्थिंग
तक्रार ३. नवी बॅटरी दोन-तीन दिवसांत उतरते म्हणजे काहीतरी झोपत नाहीये. हिशोब बघा: अर्धा ॲम्पिअर सतत जात असेल तर ७२ तासांत ३६ ॲम्पिअर-अवर गेले. ७० ची बॅटरी निम्म्यावर आली. डिझेलला एवढ्यावर सेल्फ जड जातो.

मोजायची पद्धत: बोनेट उघडं ठेवा, पण त्याचं लॅच स्क्रू ड्रायव्हरने बंद स्थितीत पाडा. दारांचंही तसंच, नाहीतर गाडीला वाटतं दार उघडं आहे आणि ती जागीच राहते. किल्ली दूर नेऊन ठेवा. बॅटरीचं निगेटिव्ह टोक काढून मल्टिमीटर सिरीजमध्ये, १० ॲम्पिअरच्या रेंजवर. मीटर लावल्यावर सेल्फ मारायचा नाही, मीटरचा फ्यूज उडतो. वीस ते चाळीस मिनिटं थांबा, मॉड्यूल (गाडीतले छोटे कॉम्प्युटर) एकेक झोपतात. शेवटी ५० मिलीॲम्पिअरच्या आत यायला हवं.

जास्त असेल तर फ्यूज उपसू नका. फ्यूज काढून परत घातला की ते मॉड्यूल पुन्हा जागं होतं आणि वाट बघणं पहिल्यापासून. त्याऐवजी मीटर मिलीव्होल्टवर करा आणि प्रत्येक फ्यूजच्या डोक्यावरच्या दोन उघड्या टिपक्यांना टोकं लावा. करंट जात असेल तिथे काही दशांश मिलीव्होल्ट दिसतात, नसेल तिथे शून्य.

नेहमीचे गुन्हेगार: बाहेरून बसवलेला स्टिरिओ, ट्रॅकर, अलार्म, मागच्या दाराच्या लॅचचा स्विच, चिकटलेला रिले. आणि अल्टरनेटरचा डायोड. अल्टरनेटरची जाड वायर सुटी केल्यावर करंट पडला तर दोषी तोच. वायर सुटी करायच्या आधी बॅटरी काढायला विसरू नका, ठिणगी जबरदस्त असते.

जाता जाता अर्थच्या पट्ट्या. मीटरचं एक टोक बॅटरीच्या निगेटिव्हवर, दुसरं थेट इंजिनच्या धातूवर, आणि सेल्फ मारा. ०.२ व्होल्टच्या वर गेलं तर पट्टी किंवा तिचा बोल्ट खराब. जुन्या गाडीतले निम्मे "भुताटकी" प्रकार इथेच मिटतात.

सौ_कार्ब्युरेटर
+१. एबीएस, एअरबॅग, गिअरबॉक्सचे दिवे एकदम लागले की आधी बॅटरी आणि अर्थ. सेल्फ मारताना व्होल्टेज ९.६ च्या खाली गेलं की मॉड्यूल वेड्यासारखे बिघाडाचे कोड लिहून ठेवतात.

मागची_सीट
आता मी ब्रँडवर जाणार, थांबवू नका. निसान पाथफाइंडर, २००५ ते २०१०. रेडिएटरच्या आतच एटीएफ कूलर, तो फुटायचा आणि कुलंट गिअरबॉक्समध्ये. तेरा_चौदा म्हणतात ती गुलाबी साय हीच.

तेरा_चौदा_पाना
हे जगजाहीर आहे. पण रेडिएटरमध्ये एटीएफ कूलर असलेल्या कुठल्याही जुन्या गाडीला तोच धोका. रेडिएटर म्हातारा असेल तर त्यातला कूलर वगळून बाहेरचा वेगळा एटीएफ कूलर समोर लावणं शहाणपणाचं. थंड प्रदेशात मात्र तेल वेळेवर तापत नाही, तिथे थर्मोस्टॅट असलेला कूलर घ्या.

ग्रीसची_बोटं
ब्रँड निघालेच आहेत तर: पहिल्या पिढीची पोर्शे कायेन, व्ही८. इनटेक मॅनिफोल्डखालचे कुलंटचे पाइप प्लास्टिकचे, तडकायचे, कुलंट खाली सेल्फवर. उपाय ॲल्युमिनियमचे पाइप. पहिली टुआरेग: प्रोपेलर शाफ्टच्या (गिअरबॉक्सकडून ॲक्सलकडे ताकद नेणारा फिरता दांडा) मधल्या बेअरिंगचं रबर फाटतं, खाली कोणी हातोडे मारतंय असा आवाज. डिस्कव्हरी ३: एअर सस्पेन्शनला बारीक गळती, कॉम्प्रेसर भरपाई करत दिवसरात्र पळतो आणि जळतो. नुसता कॉम्प्रेसर बदलला तर नवाही जळणार. आधी साबणाचं पाणी घेऊन एअर बॅगा आणि जोड बघा, आणि कॉम्प्रेसरबरोबर त्याचा रिलेसुद्धा बदला.

दमट_डिझेल
एटीएफवरून एक जुना वाद. "इतक्या लाखांनंतर एटीएफ बदलू नये, गिअरबॉक्स जातो." यावर मत?

तेरा_चौदा_पाना
गिअरबॉक्स घसरायला लागला की लोक तेल बदलतात, मग तो जातो आणि तेलाचं नाव होतं. गिअर नीट पडत असतील तर बदला. फक्त मशीनने प्रेशर देऊन फ्लश करू नका. चेंबर उघडून निघेल तेवढंच काढा, तेवढंच भरा. निम्मंही निघत नाही, बाकी टॉर्क कन्व्हर्टरमध्ये राहतं. काही शे किलोमीटर चालवून पुन्हा, मग पुन्हा.

दोन नियम. भरायचा बोल्ट आधी सोडवून बघा, मगच रिकामा करायचा बोल्ट. भरायचा जाम असेल आणि तेल आधीच काढलं असेल तर गाडी तिथेच. हाच नियम डिफरन्शियल आणि ट्रान्स्फर केसला (पुढच्या-मागच्या चाकांना ताकद वाटणारा डबा). दुसरं, डिपस्टिक नसलेल्या गिअरबॉक्समध्ये पातळी इंजिन चालू ठेवून, तेलाचं तापमान स्कॅनरवर बघून तपासतात. बऱ्याच गिअरबॉक्सना ३५ ते ४५ अंशांची मर्यादा असते, आपल्याची मॅन्युअलमध्ये बघा.

दमट_डिझेल
धन्यवाद. आता माझ्या विषयाकडे येतो, तक्रार ४ आणि २.

डावा_इंडिकेटर, एक गोष्ट सांगा. गरम असताना सेल्फ मंद फिरतो, की जोरात फिरतो आणि इंजिन पकडत नाही? मंद असेल तर अर्थिंग यांचा प्रतिसाद पुन्हा वाचा. जोरात असेल तर स्कॅनर जोडून सेल्फ मारताना दोन आकडे बघा.

आरपीएम: शून्य दाखवत असेल तर क्रँक सेन्सर. तो गरम झाला की आतून तुटतो, थंड झाला की जुळतो.

रेल प्रेशर (सगळ्या नोझलांना डिझेल पुरवणाऱ्या सामाईक नळीतलं प्रेशर): आरपीएम येतंय पण प्रेशर चढत नाही, तर डिझेल कुठेतरी परत पळतंय. इंजिन पकडायला साधारण २०० बारच्या आसपास लागतं, सिस्टिमनुसार कमी-जास्त. गरम डिझेल पातळ होतं आणि झिजलेल्या नोझलमधून रिटर्नला (टाकीकडे परत जाणाऱ्या नळीत) जास्त जातं. थंड असताना दाट असतं, म्हणून सकाळी पटकन पकडते.

चढावर ताकद जाते तेव्हाचा कोडही लिहा. पी०२९९ म्हणजे टर्बोचं प्रेशर कमी: इंटरकूलरचा होज फाटलाय किंवा व्हॅक्यूमची नळी. पी०२३४ म्हणजे जास्त: टर्बोच्या पाकळ्या काजळीने अडकल्यात. पी०४०१ म्हणजे ईजीआरमधून पुरेसा प्रवाह नाही. पी००८७ आला तर रेल प्रेशर कमी, आणि मग २ आणि ४ ही एकच तक्रार आहे.

सौ_कार्ब्युरेटर
नोझल शोधायला जुनी पद्धत सोपी: इंजिन चालू ठेवून एकेका नोझलचा नट सैल करायचा. ज्याचा नट सोडल्यावर आवाज बदलत नाही ते मेलेलं.

दमट_डिझेल
ताई, कॉमन रेलवर अजिबात नको! जुन्या पंपाच्या डिझेलवर ठीक होतं. इथे चालू इंजिनात हजार बारच्या वर प्रेशर जातं. सुटलेली बारीक धार कातडी फोडून आत शिरते, जखम टोचल्याएवढी दिसते आणि हात गमवायची वेळ येते. गळती हाताने चाचपायचीही नाही, पुठ्ठा धरायचा.

इथे बाटल्यांची टेस्ट. प्रत्येक नोझलची रिटर्न नळी काढून पारदर्शक नळीने सारख्या मापाच्या बाटलीत सोडायची, रिटर्नचं मूळ तोंड बंद करायचं, इंजिन आयडलवर दोन-तीन मिनिटं. आकड्यापेक्षा तुलना महत्त्वाची. तीन बाटल्यांत सारखं आणि चौथीत तिप्पट, तर चौथी दोषी. चारही बाटल्या सारख्या आणि कमी असतील तर हाय प्रेशर पंप किंवा रेलवरचा प्रेशर व्हॉल्व्ह बघा. या सगळ्याच्या आधी डिझेल फिल्टर, आणि त्याच्या तळाचं पाणी. फिल्टरनंतर पारदर्शक नळी लावून बुडबुडे दिसले तर सिस्टिम हवा घेतेय.

सौ_कार्ब्युरेटर
मान्य. नट सोडायचा सल्ला मागे घेतला.

ग्रीसची_बोटं
तक्रार ५ कोणीच घेतली नाही म्हणून. चाकांना ओंडके लावा, गिअर न्यूट्रलमध्ये, प्रोपेलर शाफ्ट हाताने मागेपुढे पिळा. क्रॉसच्या (शाफ्टच्या टोकाचा वळता जोड) कपांमध्ये हालचाल दिसली तर क्रॉस. क्रॉसला ग्रीस चारही कपांतून बाहेर येईपर्यंत मारा, तीनच कपांतून आलं तर चौथा कोरडाच झिजतोय. सरकणाऱ्या स्लिप जोडाला मात्र दोन-तीन झटकेच. तिथे ग्रीस गच्च भरलं तर जोड आत सरकू शकत नाही आणि गिअरबॉक्सच्या बेअरिंगवर लोड येतो. शाफ्ट काढायचा झाला तर दोन्ही टोकांना खूण करून काढा, एक दाता चुकला तरी थरथर येते.

हे सगळं ठीक निघालं तर इंजिन-गिअरबॉक्सचे माउंट. बोनेट उघडं, एकाने ब्रेक दाबून डी-आर करायचं, दुसऱ्याने बाजूला उभं राहून इंजिन किती उडी मारतं ते बघायचं. समोर उभं राहायचं नाही.

नवा_सभासद_७
ईजीआर आणि डीपीएफ काढून टाकले तर निम्मे प्रश्न संपतात ना?

उकळबिंदू
काजळी वाढते कारण नोझल गळतं, थर्मोस्टॅट उघडा राहून इंजिन तापत नाही, किंवा टर्बोकडून हवा कमी येते. डीपीएफ काढला की कारण तसंच राहतं, फक्त सांगणारा जातो. अनेक देशांत बेकायदा आहे ते वेगळंच.

धागाप्रमुख
डीपीएफ काढण्याच्या पद्धती इथे नकोत. दोन प्रतिसाद उडवले आहेत.

चेसिस_नंबर
अवांतर: लिव्हरवालं फोर व्हील आहे म्हणून. कोरड्या डांबरावर टाकू नका, पुढच्या-मागच्या शाफ्टमध्ये पीळ बसतो, लिव्हर अडकतो, ट्रान्स्फर केसची चेन ताणते. पण अजिबात न वापरणंही वाईट, फोर व्हील जोडणारा ॲक्च्युएटर गंजून बसतो. महिन्यातून एकदा मातीच्या रस्त्यावर थोडं चालवा. चारही टायर एकाच मापाचे, झीजही जवळपास सारखी. आणि टायरच्या भिंतीवरचे शेवटचे चार अंक वाचा: २३१९ म्हणजे २०१९ चा तेविसावा आठवडा. जुन्या एसयूव्हीचा स्टेपनी टायर बहुधा गाडीच्याच वयाचा निघतो.

डावा_इंडिकेटर
सगळ्यांचे आभार. सरसकट बदलायचा बेत रद्द, आधी मोजमाप केलं. निकाल:

कोड पी००८७. चढावर रेल प्रेशर मागणी १,४०० बार, प्रत्यक्षात ९०० च्या आसपास. गरम सेल्फ जोरात फिरतो, आरपीएम दिसतं, प्रेशर शंभरच्या वर जायला वेळ लागतो. डिझेल फिल्टर नवा घालूनही तेच. बाटल्यांत तिसऱ्या नोझलचं रिटर्न बाकीच्यांच्या तिप्पट.

झोपल्यावर करंट ०.४ ॲम्पिअर, स्टिरिओच्या फ्यूजवर मिलीव्होल्ट दिसले. स्टिरिओ बाहेरचा आहे, त्याची कायम चालू राहणारी आणि किल्लीवरची वायर एकत्र पिळलेली निघाली.

कुलंट: रेडिएटरच्या डाव्या टाकीच्या शिवणीवर पांढरा थर, पंख्याच्या आवरणामागे लपलेला.

डिपस्टिक वरच्या खुणेच्या थोडी वर, डिझेलचा वास आहे.

प्रश्न: नोझल एकच बदलू की चारही?

अर्थिंग
स्टिरिओला टाळ्या. किल्लीवरची वायर वेगळी करून तिला स्वतंत्र फ्यूज घाला आणि पुन्हा मोजा. गुन्हेगार दोन असू शकतात.

दमट_डिझेल
चारही काढून टेस्ट बेंचवर द्या. रिटर्न, फवारा आणि कमी-जास्त प्रेशरला सुटणारं डिझेल, तिन्हींचा रिपोर्ट मिळतो. बाकी तीन मर्यादेत असतील तर एकच बदला.

नोझल काढताना: आधी सभोवती हवा मारून धूळ साफ करा, उघडी तोंडं लगेच टोपीने बंद. खालचे तांब्याचे वॉशर नवेच घाला, जुने भाजून परत वापरू नका. नोझलची बैठक कटरने साफ करा, नाहीतर नवा वॉशरही गळेल. टोयोटाच्या १केडी-एफटीव्ही इंजिनांत हे गाजलेलं आहे: वॉशर गळला की जळका वायू वर येतो, तेलात काजळी जाते, चेंबरमधली जाळी चोंदते आणि ऑइल प्रेशर संपतं. क्लॅम्पचे बोल्ट आणि हाय प्रेशर नळ्या नव्या घ्या. बोल्ट आवळायचा टॉर्क मॅन्युअलमधला, अंदाजाने नाही. नव्या नोझलवर छापलेला कोड कॉम्प्युटरमध्ये भरावा लागतो. तो भरला नाही तर आयडल खडखडतो आणि लोक नोझलला नावं ठेवतात.

उकळबिंदू
प्लास्टिक टाकीची शिवण एकदा सुटली की रेडिएटरच बदला, सील लावून टिकत नाही. एटीएफ कूलर आत असेल तर ही संधी आहेच. भरताना डिस्टिल्ड पाण्यात निम्मं-निम्मं कुलंट, आधीचं वेगळ्या जातीचं असेल तर पूर्ण धुऊन. गाडीचं नाक वर, हीटर पूर्ण गरमवर, आणि हीटरमधून गरम हवा येईपर्यंत झाकण लावू नका.

तेरा_चौदा_पाना
क्रम: नोझल आधी, तेल नंतर. आता तेल बदललंत तर नव्यातही डिझेल उतरणार. नोझल बसवल्यावर लगेच तेल आणि फिल्टर बदला, पातळीची खूण डिपस्टिकवर मार्करने करून ठेवा आणि हजार किलोमीटरच्या आत पुन्हा बघा. पातळी चढली नाही तर ठीक. चढली तर डीपीएफची जाळणी किती वेळा होते ते स्कॅनरवर बघून इथे टाका. आणि तो जुना फिल्टर अजून कापलेला नाही, त्याचा फोटो हवा आहे.